ऑक्सिजन विझवतो तो उजेड

२०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या घराघरांत ऑक्सिमीटर पोचला. बोटाला चिमटा लावायचा, लाल दिवा लुकलुकायचा आणि पडद्यावर आकडा यायचा. तो चौऱ्याण्णवच्या खाली घसरला की घरात धावपळ सुरू. त्या काळात ऑक्सिजन मोजण्याचं यंत्र म्हणून लहानथोरांना हीच एक डबी ठाऊक झाली. खरं तर ती ऑक्सिजन मोजतच नाही, ती रक्ताचा रंग मोजते. जपानमधल्या निहोन कोहदेन कंपनीचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेली ही युक्ती: ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि न धरलेलं हिमोग्लोबिन लाल व अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्या फरकावरून हिशेब मांडायचा. पण कार्बन मोनॉक्साइड धरून बसलेलं हिमोग्लोबिनही या डबीला जवळपास तसंच लालभडक दिसतं. त्यामुळे बंद खोलीत शेगडीच्या धुरानं गुदमरलेल्या माणसाच्या बोटावरही ती छान आकडा दाखवू शकते.

मग जिथे हिमोग्लोबिनच नाही, तिथे काय करायचं? समुद्राचं पाणी, बिअरची टाकी, वेफर्सचं पाकीट, सांडपाण्याचा हौद. इथे प्रत्यक्ष ऑक्सिजनच मोजावा लागतो, आणि हा वायू प्रकाशाच्या हाती सहज लागत नाही. कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरण दणकून शोषतो, म्हणून त्याची मोजणी सोपी. ऑक्सिजनच्या रेणूत दोन सारखेच अणू, त्यामुळे अवरक्त किरण त्याला जवळपास ओळखतच नाहीत. ७६० नॅनोमीटरच्या आसपास त्याचं अगदी क्षीण शोषण आहे. कारखान्याच्या धुराड्यात लेझर वापरून त्याचा उपयोग करतात, पण पाण्याच्या थेंबात किंवा जिवंत पेशीत ते कामाचं नाही.

यावर निघालेली वाट जरा आडवळणाची आहे. ऑक्सिजनकडे पाहायचंच नाही. ऑक्सिजन ज्याच्या कामात व्यत्यय आणतो, त्याच्याकडे पाहायचं.

काही रंगद्रव्यांवर निळा किंवा हिरवा प्रकाश टाकला की ती तांबूस उजेड परत देतात. प्रकाश शोषताच रेणू उत्तेजित होतो, क्षणभर त्या अवस्थेत राहतो आणि मग उरलेली ऊर्जा उजेडाच्या रूपात टाकून मूळ जागी येतो. त्या क्षणभरात ऑक्सिजनचा रेणू येऊन धडकला, तर ती ऊर्जा ऑक्सिजन घेऊन जातो आणि उजेड निघतच नाही. धडका जितक्या जास्त, तितकी चमक कमी. आगीला जगवणारा हा वायू रंगाची चमक मात्र विझवतो.

नायट्रोजनला हे का जमत नाही, याचं उत्तर ऑक्सिजनच्या विक्षिप्त घडणीत आहे. बहुतेक रेणूंमधले इलेक्ट्रॉन जोडीजोडीनं राहतात. ऑक्सिजनच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन एकटे असतात. याच कारणानं द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाला चिकटतो. शिवाय त्याची पहिली उत्तेजित अवस्था अगदी हाताशी, मोलमागे फक्त ९४ किलोजूलवर आहे. रंगद्रव्याकडे तेवढी ऊर्जा आरामात असते. नायट्रोजनची पहिली पायरी इतकी उंच आहे, की धडक बसली तरी देवघेव होत नाही. निवड करण्याचं काम निसर्गानंच करून ठेवलं आहे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असला तरी रंगावर परिणाम होतो तो २१ टक्के ऑक्सिजनचाच.

हा प्रकार नीट ओळखला तो १९३० च्या दशकात जर्मनीतल्या हान्स काउत्स्की यांनी. त्यांचा प्रयोग आजही वाचताना मजा येते. त्यांनी सिलिका जेलचे बारीक दाणे घेतले. काही दाण्यांवर ट्रिपाफ्लेविन हा पिवळा रंग बसवला. हा म्हणजे जुन्या दवाखान्यांत जखमेवर लावायच्या पिवळ्या ॲक्रिफ्लेविनचाच भाऊबंद. दुसऱ्या दाण्यांवर मॅलकाइट ग्रीनचं रंगहीन रूप बसवलं. त्याचं ऑक्सिडीकरण झालं की ते हिरवं होतं. दोन्ही दाणे एकत्र मिसळले. एका दाण्यावरचा रेणू दुसऱ्या दाण्यावरच्या रेणूला शिवू शकत नाही, मध्ये मोकळी जागा आहे. भांड्यात किंचित ऑक्सिजन ठेवून प्रकाश टाकला. पिवळ्या दाण्यांची चमक मंदावली आणि रंगहीन दाणे हिरवे पडू लागले. याचा अर्थ, पिवळ्या रंगाकडून ऊर्जा घेऊन कुणीतरी मधली पोकळी ओलांडत होतं. काउत्स्कींनी सांगितलं, हा उत्तेजित झालेला ऑक्सिजनच आहे.

समकालीनांनी ते मानलं नाही. सुमारे तीन दशकं ही कल्पना अडगळीत पडून राहिली. १९६४ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ख्रिस्तोफर फूट आणि सोल वेक्सलर यांनी द्रावणांमधल्या ऑक्सिडीकरणाचा छडा लावला, तेव्हा काउत्स्कींचं म्हणणं खरं ठरलं. त्या उत्तेजित रूपाला आज ‘सिंगलेट ऑक्सिजन’ म्हणतात. पाण्यात तो काही मायक्रोसेकंद टिकतो आणि पुन्हा साधा ऑक्सिजन होतो. मोजमापाच्या दृष्टीनं ही गोष्ट फार मोलाची आहे, कारण या व्यवहारात ऑक्सिजन जवळपास खर्चच होत नाही.

गणितही आधीच तयार होतं. ओटो स्टर्न आणि माक्स फोल्मर यांनी १९१९ मध्ये आयोडीनच्या वाफेच्या चमकेवर एक निबंध लिहिला होता. चमक विझवणाऱ्या रेणूंचं प्रमाण वाढलं की मूळ चमक आणि उरलेली चमक यांचं गुणोत्तर सरळ रेषेत वाढतं, हे त्यांच्या नावानं ओळखलं जाणारं सूत्र. त्या निबंधाचा विषय होता चमक मावळायला लागणारा वेळ. ऑक्सिजन मोजणाऱ्यांनी पुढची कित्येक वर्षं उजेडाची तीव्रताच धरून ठेवली आणि वेळेकडे काणाडोळा केला. त्याची किंमत त्यांना मोजावी लागली.

दरम्यान मैदान मारलं होतं विजेनं. अमेरिकेत ओहायोमधल्या अँटिऑक कॉलेजात लेलँड क्लार्क रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्रावर काम करत होते. रक्तात नेमका किती ऑक्सिजन आहे ते कळावं म्हणून त्यांनी १९५४ मध्ये प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याआड ठेवला. पापुद्र्यातून ऑक्सिजन आत येतो, प्लॅटिनमवर त्याची रासायनिक क्रिया होते आणि त्या प्रमाणात वीज वाहते. क्लार्क इलेक्ट्रोडनं रुग्णालयं, प्रयोगशाळा, मद्यनिर्मिती सगळं व्यापलं, आणि ते योग्यच होतं. पण तो इलेक्ट्रोड ऑक्सिजन खातो. पाणी स्थिर असेल तर त्याच्या तोंडापुढचा ऑक्सिजन संपतो आणि आकडा खोटा खाली येतो. म्हणून पाणी सतत ढवळत ठेवावं लागतं. पापुद्रा फाटतो, आतलं द्रावण बदलावं लागतं. सडक्या गाळातला हायड्रोजन सल्फाइड लागला की तो बिघडतो. आणि जिथे मुळात ऑक्सिजनच कणभर आहे, तिथे मोजणाऱ्यानंच तो संपवावा यासारखा विनोद नाही.

रंगाच्या वाटेनं जाणारे थोडेच होते. १९६८ मध्ये ब्रिटनमधल्या खाणसुरक्षा संशोधनातल्या आय. बर्गमन यांनी फ्लोरँथीनची चमक वापरून हवेतला ऑक्सिजन झटपट सांगणारं उपकरण दाखवलं. खाणीत हवा बिघडली आहे का, हे तिथे जिवावरचं काम. १९७५ मध्ये पश्चिम जर्मनीत ल्युबर्स आणि ओपिट्झ यांनी अशा संवेदकांना ‘ऑप्टोड’ हे नाव दिलं. कल्पना चांगली, नाव चांगलं, उपकरण मात्र प्रयोगशाळेबाहेर फारसं टिकेना. कारण साधं होतं. चमक कमी झाली, ती ऑक्सिजन वाढल्यामुळे, की दिवा जुना झाल्यामुळे? की रंग उन्हानं विटल्यामुळे? की प्रकाश नेणारी काचेची तार जरा वाकल्यामुळे? नुसती तीव्रता मोजणाऱ्या यंत्राला हे सगळे सारखेच.

सुटका दोन बाजूंनी झाली. पहिली, रंग बदलले. पायरीनसारख्या जुन्या रंगांना अतिनील किरण लागत आणि त्यांची उत्तेजित अवस्था एक मायक्रोसेकंदही टिकत नसे. १९८० च्या दशकात रुथेनियम धातूची संयुगं पुढे आली. ती निळा प्रकाश घेतात, नारिंगी-तांबडा देतात, आणि चमक पाच-सहा मायक्रोसेकंद टिकवतात. पाठोपाठ प्लॅटिनम आणि पॅलेडियमची पॉर्फिरिनं आली. पॉर्फिरिन म्हणजे रक्तातल्या हीमची आणि पानातल्या हरितद्रव्याची जी कड्यासारखी चौकट असते, तीच. मधोमध लोह किंवा मॅग्नेशियमऐवजी प्लॅटिनम बसवायचं. जड धातूमुळे उत्तेजित रेणू एका अडकलेल्या अवस्थेत रेंगाळतो. प्लॅटिनम पॉर्फिरिनची चमक ऑक्सिजनविना सुमारे ६० मायक्रोसेकंद टिकते, साध्या हवेत ती २० च्या आसपास येते. पॅलेडियमची तर शेकडो मायक्रोसेकंद. जितका जास्त वेळ रेणू उत्तेजित, तितकी ऑक्सिजनला धडकायची संधी जास्त; म्हणून अत्यल्प ऑक्सिजनसाठी पॅलेडियम, हवेसारख्या प्रमाणासाठी प्लॅटिनम. १९९३ मध्ये जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी झळझळीत निळा एलईडी बनवला आणि रुथेनियमला लागणारा निळा दिवा काही रुपयांत मिळू लागला. या क्षेत्राचं भाग्य त्या एलईडीनं जेवढं उजळलं, तेवढं कोणत्याही एका रसायनानं नाही.

दुसरी आणि खरी सुटका म्हणजे उजेड किती हे सोडून उजेड किती वेळ हे मोजणं. रंग अर्धा विटला तर चमक अर्धी होते, पण उरलेल्या रेणूंची चमक टिकण्याचा काळ तोच राहतो. दिवा मंदावला तरी तोच. हा काळ थेट मोजायला महागडी यंत्रणा लागते, म्हणून अभियंत्यांनी वळसा घेतला. निळा दिवा सेकंदाला काही हजार वेळा लाटेसारखा कमी-जास्त करायचा. रंगाचा तांबडा उजेडही त्याच लयीत कमी-जास्त होतो, पण दिंडीत मृदंगाच्या किंचित मागे पडणाऱ्या टाळकऱ्यासारखा थोड्या उशिरानं. ऑक्सिजन जास्त असेल तर चमक लवकर मावळते आणि उशीर घटतो. कमी असेल तर उशीर वाढतो. दोन लाटांमधला हा सरकाव इलेक्ट्रॉनिक्सला स्वस्तात आणि अचूक मोजता येतो. आज बाजारात मिळणारे बहुतेक चांगले ऑप्टिकल ऑक्सिजन मीटर हाच सरकाव मोजतात.

रंग नुसता पाण्यात सोडून चालत नाही. तो पॉलिस्टायरीन, सिलिकॉन रबर किंवा काचेसारख्या सच्छिद्र थरात कोंडतात. ऑक्सिजन त्यातून आरपार जातो, पाणी, क्षार आणि आम्ल बाहेर राहतात. सिलिकॉनमधून ऑक्सिजन भराभर झिरपतो, पॉलिस्टायरीनमधून सावकाश. थर पातळ केला तर प्रतिसाद झटपट, पण चमक कमी. वर बऱ्याचदा काळा सिलिकॉनचा लेप असतो, म्हणजे बाहेरचा उजेड आत येत नाही. संवेदकांच्या यशापयशाचा निम्मा निकाल या प्लास्टिकवर लागतो, पण त्याबद्दल कुणी भाषणं ठोकत नाही.

या साधनाची खरी कसोटी लागली समुद्रात. जहाजावर पाण्यातला ऑक्सिजन मोजायची प्रमाण रीत अजूनही हंगेरीच्या लायोश विंकलर यांची, १८८८ सालची: मँगनीजचा तपकिरी साका, आयोडीन, थायोसल्फेटचं टायट्रेशन. आपल्याकडे पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी हेच करून पदवी घेतात. रीत उत्तम, पण प्रत्येक बाटलीला माणूस लागतो आणि प्रत्येक माणसाला जहाज. याउलट आर्गो प्रकल्पाचे मानवरहित तरंगते साधारण दहा दिवसांतून एकदा दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतात, वर येताना मापं घेतात आणि ती उपग्रहाकडे पाठवतात. तिथे पापुद्रा बदलायला कुणी जाणार नाही आणि ढवळणारंही कुणी नाही. ऑक्सिजन न खाणारा, ढवळणं न मागणारा ऑप्टोड तिथे चपखल बसला. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या आंदेरा कंपनीचे ऑप्टोड अशा तरंगत्यांवर चढले, आणि २००४ मध्ये आर्ने कोर्टझिंगर व सहकाऱ्यांनी लॅब्राडोर समुद्र हिवाळ्यात हवेतला ऑक्सिजन खोलवर कसा ओढून घेतो, ते त्यांच्या नोंदींवरून दाखवलं.

पण इथेही एक खोड निघाली. कारखान्यात जुळवलेला ऑप्टोड समुद्रात जाईपर्यंत गोदामात पडल्या पडल्या काही टक्क्यांनी कमी दाखवू लागतो. उपाय सापडला तो फार साधा. तरंगता पृष्ठभागावर आला की उंच दांडीवर बसवलेला ऑप्टोड पाण्याबाहेर डोकं काढतो आणि हवेचं माप घेतो. हवेतला ऑक्सिजन ठाऊकच आहे, तेव्हा चूक किती ते तिथल्या तिथे कळतं. इतका मोठा वातावरणाचा साठा डोक्यावर असताना प्रमाण नमुना दुसरीकडे शोधायचाच कशाला?

अरबी समुद्राला या मापांची विशेष गरज आहे. साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीच्या पट्ट्यात इथे जगातल्या सर्वात मोठ्या ऑक्सिजनहीन थरांपैकी एक आहे. त्याहून जवळचा प्रश्न किनाऱ्यालगतचा. पावसाळ्यात खालचं थंड, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी पश्चिम किनाऱ्याकडे वर सरकतं; वर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचं झाकण बसतं. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाशी ऑक्सिजन संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ कांदोळीसमोरच्या एका ठिकाणी वर्षानुवर्षं हे पाहत आले आहेत. संस्थेचे एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये दाखवलं, की इथल्या उथळ समुद्रातली ऑक्सिजनटंचाई तीव्र होत असून त्यातून नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. हायड्रोजन सल्फाइडनं क्लार्क इलेक्ट्रोड बिघडतो, ऑप्टोड नाही. अशा पाण्यासाठी कोणता संवेदक निवडावा, यावर वाद घालण्यासारखं काही उरत नाही.

जमिनीवरची कामं थोडक्यात. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जिवाणूंना हवा पुरवण्यावर विजेच्या बिलाचा मोठा, अनेकदा निम्म्याहून जास्त वाटा जातो. हौदातला ऑक्सिजन नेमका कळला तर ब्लोअर गरजेपुरतेच चालवता येतात. खाद्यपदार्थांच्या पाकिटात आतल्या बाजूला रंगाचा छोटा ठिपका चिकटवला, की बाहेरून प्रकाश टाकून पाकीट न फोडता आतला ऑक्सिजन वाचता येतो. लसी आणि औषधं बनवणाऱ्या एकवापर प्लास्टिक पिशव्यांमध्येही असेच ठिपके आधीच बसवलेले येतात.

विमानविद्येनं तर ठिपक्याऐवजी रंगच फासला. मॉस्कोजवळच्या सोव्हिएत विमान संशोधन संस्थेनं आणि अमेरिकेत सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मार्टिन गूटरमन यांच्या गटानं १९८० च्या दशकात हे काम केलं. हवेत ऑक्सिजनचा वाटा ठरलेला असल्यामुळे हवेचा दाब वाढला की ऑक्सिजनचा दाबही वाढतो. विमानाच्या नमुन्याला असा रंग लावून वातबोगद्यात ठेवला आणि निळा प्रकाश टाकला, की पंखावर जिथे दाब कमी तिथे उजळ तांबडं, जिथे जास्त तिथे मंद. पूर्वी याच मापासाठी नमुन्याला शेकडो बारीक भोकं पाडावी लागत.

आणि मग शरीर. २०१४ मध्ये अमेरिकी संशोधकांनी पॉर्फिरिनचा रंग जिवंत उंदराच्या रक्तात सोडून कवटीच्या हाडातल्या मज्जेत डोकावून पाहिलं. जिथे रक्त तयार होतं, त्या जागी काही ठिकाणी ऑक्सिजन १.३ टक्क्यांपर्यंत खाली असल्याचं दिसलं. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमच्या इरास्मस वैद्यकीय केंद्रात एग्बर्ट मिक यांनी बाहेरून रंग घालणंच टाळलं. हीम बनवताना आपल्या पेशींतल्या मायटोकाँड्रियात प्रोटोपॉर्फिरिन नावाचा रंग आपोआप तयार होतो. त्वचेवर अमिनोलेव्ह्युलिनिक आम्लाची पट्टी काही तास लावली की तो साचतो. हिरव्या प्रकाशाची चमक मारली की तांबडा उजेड देत मावळतो, आणि त्या मावळण्याच्या वेळावरून पेशीच्या भट्टीत ऑक्सिजन किती पोचतोय ते कळतं. बोटावरच्या डबीनं ज्याचा अंदाज बांधायचा, ते इथे थेट हाती येतं. अतिदक्षता विभागात हे नित्याचं व्हायला अजून वेळ आहे, पण दिशा योग्य आहे.

दोष आहेतच. तापमान एका अंशानं बदललं तरी चमकेचा काळ बदलतो. म्हणून जवळच तापमापक नसलेला ऑप्टोड घेऊ नये. क्लोरीन आणि टोल्युइन, ॲसिटोनसारखी द्रावकं थर खराब करतात. प्रकाश पडत राहिला की रंग हळूहळू विटतोच, आणि त्यामुळे वरची टोपी साधारण वर्ष-दोन वर्षांनी बदलावी लागते.

कोकणात किंवा पालघरकडे कोळंबीचं तळं सांभाळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तळ्यात ऑक्सिजन सर्वात कमी असतो तो पहाटे, सूर्य उगवण्याआधी. माप तेव्हा घ्यावं. आणि मीटरमध्ये खारटपणाचा आकडा भरल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये. हा संवेदक ऑक्सिजनचा दाब ओळखतो, लिटरमागे मिलिग्रॅम हे तो हिशेब करून सांगतो. २५ अंशांवर गोडं पाणी लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, समुद्राचं पाणी सुमारे ६.७ च. खारटपणा शून्यावर ठेवला, तर हवेनं संपृक्त समुद्राच्या पाण्यातही मीटर ८.३ दाखवेल.